आधी रिस्टोअर, मग इन्स्टॉल

वाचकाचं पत्र:

"आमची छोटी कंपनी एक ओपन सोर्स सॉफ्टवेअर बनवते. टीमची कामं, कागदपत्रं आणि चर्चा त्यात एका जागी राहतात. ज्या टीमना ते स्वतःच्या सर्व्हरवर चालवायचंय त्यांना मदत करणं, हे माझं काम. व्हिडिओ कॉलवर बसून एका दिवसात मी सगळं उभं करून देते. सगळे खूश होतात, आणि काही महिन्यांनी तीच मंडळी परत येतात. एका टीमने अपग्रेड केलं तर डेटाबेसच सुरू होईना. तो कसाबसा चालू करून दिला. दुसऱ्या टीममध्ये ज्याने सगळं लावलं होतं तो नोकरी सोडून गेला आणि आता कुठली फाइल कुठे आहे हे कोणालाच ठाऊक नाही. तिसरी टीम दोघांचीच आहे आणि त्यांना कोड, चॅट, पासवर्ड, ईमेल असं सगळंच एका मशीनवर हवंय. घाईच्या वेळी सोपं पडावं म्हणून बहुतेकांच्या सर्व्हरमध्ये शिरायच्या डिजिटल किल्ल्या माझ्या लॅपटॉपवर आहेत. रात्री फोन आला की मीच आत शिरून दुरुस्त करते. ही सगळी तांत्रिक माणसं आहेत, मग त्यांना जमत का नाही? आणि मी मदत करायची ती कुठपर्यंत? – एक किल्लेदारीण"

प्रिय किल्लेदारीणबाई,

त्या किल्ल्या आधी परत करा. बाकीचं मग बोलू.

तुमच्या एका लॅपटॉपवर इतक्या कंपन्यांचे रूट, म्हणजे सर्व्हरवर काहीही करू देणारे, अधिकार आहेत. तो चोरीला गेला किंवा त्यावर एखादं भलतंसलतं ब्राउझर एक्स्टेन्शन बसलं, तर तुमचे सगळे ग्राहक एका रात्रीत उघडे पडतील. हे कारण एकटंच पुरेसं आहे, पण दुसरं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तुम्ही आत शिरून दुरुस्त करता तोवर त्या टीमच्या लेखी तो सर्व्हर तुमचाच. बिघाड झाला की ते लॉग (सर्व्हरने लिहिलेल्या नोंदी) बघत नाहीत, तुमचा नंबर बघतात. डेटा आपल्या ताब्यात राहावा म्हणून त्यांनी हा खटाटोप केला, आणि ताबा जाऊन बसला तुमच्याकडे. प्रत्येक टीमला तारीख कळवा: अमुक दिवशी माझी किल्ली तुमच्या सर्व्हरवरून काढून टाका, ती कुठल्या फाइलमध्ये असते आणि ओळखायची कशी ते सोबत लिहिलंय. ती त्यांनीच काढायची. मग तुम्ही आत शिरायचा प्रयत्न करून बघा. शिरता येता कामा नये. यापुढे अडचण आली तर स्क्रीन त्यांची, कीबोर्ड त्यांचा आणि आवाज तेवढा तुमचा. याला वेळ लागतो. समोरचा माणूस चुकीच्या फोल्डरमध्ये शोधत बसला की आपले हात शिवशिवतात, हेही खरं. तरी हात लावायचा नाही.

आता "तांत्रिक माणसं आहेत, मग जमत का नाही?" या प्रश्नाकडे येऊ. कोड लिहिणं हे एक काम आणि कोणीतरी लिहिलेला कोड वर्षानुवर्षं चालता ठेवणं हे वेगळंच काम. पहिल्यात पटाईत असलेल्याला दुसरं येतंच असं नाही. उलट तांत्रिक टीमची एक खास खोड असते: त्यांना सुधारणा करायचा मोह आवरत नाही. तुम्ही दिलेली कंपोज फाइल, म्हणजे कोणते कंटेनर (सॉफ्टवेअर वेगळ्या डब्यात चालवायची सोय) कसे चालवायचे याची यादी, त्यांना फारच बाळबोध वाटते. मग कोणीतरी हौसेने कुबरनेटीस, म्हणजे मशीनच्या समूहावर (क्लस्टर) कंटेनर चालवणारी यंत्रणा, आणतो, आणि तीन कंटेनर चालवण्यासाठी अख्खा क्लस्टर सांभाळायची वेळ येते. ज्यांच्याकडे कुबरनेटीस आधीपासून आहे आणि तो बघणारी माणसंही आहेत, त्यांनी खुशाल वापरावा. इतरांना ठामपणे सांगा की पहिलं वर्ष एक मशीन, एक कंपोज फाइल, आणि त्यात केलेला प्रत्येक बदल, बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या गिटमध्ये. तुमच्या पहिल्या भेटीत हा नियम ठरला असता तर दुसऱ्या टीमवरची आजची वेळ बरीचशी टळली असती.

पण माझं मुख्य म्हणणं वेगळं आहे. तुम्ही मदतीची सुरुवातच चुकीच्या टोकाकडून करता. इन्स्टॉल करणं हा या सगळ्यातला सर्वात सोपा भाग, आणि नेमका तोच तुम्ही त्यांच्याबरोबर बसून करता. जो भाग अवघड, तो मात्र त्यांना एकट्याने, रात्री, घाबरलेल्या मनाने करावा लागतो.

कोड ठेवायचं त्याच नावाचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या गिटलॅब कंपनीत ३१ जानेवारी २०१७ ला काय झालं ते तुमच्या प्रत्येक टीमला सांगा. कामाच्या घाईत एका अभियंत्याने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य डेटाबेसचीच डिरेक्टरी पुसायला घेतली. चूक लक्षात येऊन थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबीपैकी साडेचारच जीबी उरले होते. ठीक आहे, बॅकअप आहेत ना, म्हणून बघायला गेले तर बॅकअपची जागा रिकामी. डेटाबेस पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या ९.६ आवृत्तीचा होता आणि बॅकअप घेणारं साधन ९.२ चं, त्यामुळे ते दर वेळी मुकाट्याने अपयशी ठरत होतं. अपयशाची सूचना ईमेलने जात होती, पण डीमार्कची (ईमेल खऱ्या पाठवणाऱ्याचीच आहे हे पडताळायची पद्धत) मांडणी नीट नसल्यामुळे ती ईमेलच नाकारली जात होती. शेवटी कामाला आला तो कोणीतरी सुमारे सहा तास आधी, दुसऱ्याच कामासाठी, हाताने घेतलेला स्नॅपशॉट, म्हणजे डेटाची त्या क्षणाची प्रत. त्या सहा तासांतल्या डेटाबेसमधल्या नोंदी गेल्या त्या गेल्याच. हे सगळं गिटलॅबने स्वतः जाहीरपणे लिहिलं, आणि त्यासाठी मला त्या मंडळींबद्दल आदरच आहे. ज्यांचा धंदाच सॉफ्टवेअर चालवण्याचा, त्यांची ही गत झाली. तुमच्या दोघांच्या टीमने "बॅकअप चालू आहे" म्हटलं तर त्या वाक्याचा अर्थ "कुठेतरी एक क्रॉन जॉब (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) लावलेला आहे" एवढाच घ्यायचा.

म्हणून क्रम उलटा करा: आधी रिस्टोअर, म्हणजे बॅकअपवरून सगळं परत उभं करणं, मग इन्स्टॉल. पहिल्या भेटीत इन्स्टॉल करूच नका. तुमच्या सॉफ्टवेअरचा एक नमुना बॅकअप तयार ठेवा: थोडी खोटी खाती, काही नोंदी, दोन-चार जोडलेल्या फाइली. तो टीमच्या हाती द्या आणि सांगा, "हे घ्या, आणि या रिकाम्या मशीनवर उभं करून दाखवा." इन्स्टॉल त्यातच होऊन जातं. पण ते करताना त्यांना कळतं की डेटाबेस एकीकडे असतो, अपलोड झालेल्या फाइली दुसरीकडे, सेटिंग तिसरीकडे, आणि हे सगळं एकमेकांशी जुळलं तरच लॉगिन होतं. दुसऱ्या भेटीत त्यांनी स्वतःचा बॅकअप घ्यायचा, ते मशीन पुसून टाकायचं आणि नव्यावर परत उभं करायचं. हे होईपर्यंत खरा डेटा आत येऊ द्यायचा नाही. दुसऱ्या भेटीला टीममधला दुसरा माणूस कीबोर्डवर बसवा. पहिला शेजारी बसेल, पण गप्प.

या सरावात हमखास निसटणाऱ्या काही गोष्टी आहेत, आणि त्या तुमच्या कागदपत्रांत पहिल्या पानावर हव्यात.

सर्वात घातक म्हणजे गुप्त कळ. पुष्कळ सॉफ्टवेअर डेटाबेसमधली काही माहिती कूटबद्ध करून ठेवतात आणि ती उघडायची कळ वेगळ्या फाइलमध्ये असते. गिटलॅबच्या नेहमीच्या बॅकअपमध्ये ही गुप्त माहितीची फाइल मुद्दाम घेतलेली नसते, कारण कुलूप आणि किल्ली एकाच पेटीत ठेवू नये. भूमिका बरोबर आहे. पण ज्याने ती फाइल वेगळी जपली नाही, त्याच्या हाती रिस्टोअरनंतर डेटा असतो आणि त्यातला कूटबद्ध भाग उघडतच नाही. दोन-टप्पी लॉगिन वापरणारे तर दाराबाहेरच राहतात. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये अशी कळ असेल तर ती इन्स्टॉलच्या वेळी कागदावर छापून तिजोरीत ठेवायला लावा. मला यात जुनाट वाटण्यासारखं काही दिसत नाही.

दुसरं, चालू डेटाबेसची डिरेक्टरी नुसती कॉपी करणं म्हणजे बॅकअप नव्हे. कॉपी होत असताना आत लिहिणं चालूच असतं, आणि हाती येते ती अर्धी आत्ताची, अर्धी मघाची खिचडी. डंप (डेटाबेसच्या साधनानेच काढलेली सुसंगत प्रत) काढा, किंवा सगळी डिस्क एका क्षणी गोठवणारा स्नॅपशॉट घ्या. डॉकर (कंटेनर चालवणारं साधन) वापरणाऱ्यांना आणखी एक गोष्ट सांगून ठेवा. "कंपोज डाउन" या आज्ञेपुढे "व्ही" हा पर्याय लावला की कंटेनरबरोबर डेटा जिथे असतो ते व्हॉल्यूमही पुसले जातात. साफसफाईच्या उत्साहात ही आज्ञा मारणारी माणसं थोडीथोडकी नाहीत.

तिसरं, बॅकअप दुसऱ्या जागी हवा आणि दुसऱ्या खात्यात हवा. त्याच सर्व्हरवरच्या दुसऱ्या फोल्डरला बॅकअप म्हणू नये. आत शिरलेला चोर सर्व्हरवरच्याच अधिकारांनी बॅकअपही पुसू शकत असेल तर तो असून नसल्यासारखा. सर्व्हरला नवं लिहिता यावं, जुनं पुसता येऊ नये, अशी मांडणी रेस्टिक आणि बोर्ग या दोन्ही बॅकअप साधनांनी करता येते.

आणि अलार्म उलटा लावायचा. "बॅकअप फसला" अशी सूचना येईल यावर विसंबायचं नाही. बॅकअप नीट झाला की त्याने दुसऱ्या एखाद्या जागी हजेरी लावायची, आणि ठरल्या वेळेत हजेरी लागली नाही की त्या दुसऱ्या जागेने ओरडायचं. सर्व्हरच बंद पडला तरी हे चालतं. गिटलॅबकडे नेमकं हेच नव्हतं.

अपग्रेडबद्दल. तुमच्या पहिल्या टीमचा डेटाबेस का उठला नाही हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण मी पैज लावायला तयार आहे की कंपोज फाइलमध्ये पोस्टग्रेसच्या नावापुढे "लेटेस्ट" लिहिलेलं होतं, किंवा काहीच लिहिलेलं नव्हतं, म्हणजे तेच. पोस्टग्रेसची मोठी आवृत्ती साधारण दरवर्षी येते, आणि नव्या आवृत्तीचा सर्व्हर जुन्या आवृत्तीच्या फाइली उघडायला सरळ नकार देतो. डेटा तिथेच असतो, शाबूत असतो. जुना आकडा परत लिहिला की बहुधा सगळं उठून बसतं. पण हे माहीत नसलेला माणूस घाबरून व्हॉल्यूम पुसतो आणि मग खरंच काही उरत नाही. प्रत्येक इमेजपुढे (कंटेनर ज्यावरून बनतो तो साचा) आवृत्तीचा नेमका आकडा लिहायचा, हा नियम तुमच्या नमुना फाइलीतच पाळलेला हवा. लोक नमुनाच उचलतात. खालची सूचना वाचत नाहीत.

वर्षभर अपग्रेड न करणं ही याचीच दुसरी बाजू. नेक्स्टक्लाउड या फाइली ठेवायच्या सॉफ्टवेअरमध्ये एका वेळी एकच मोठी आवृत्ती चढता येते, आणि गिटलॅबमध्ये वाटेतले काही थांबे घ्यावेच लागतात. जितका उशीर, तितक्या पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीवर पाय घसरायची सोय. महिन्यातला एक दिवस ठरवा, त्याला माणसाचं नाव लावा, आणि आधी बॅकअपवरून उभ्या केलेल्या प्रतीवर करून बघा. म्हणजे रिस्टोअरचा सरावही दर महिन्याला आपोआप होतो. सुरक्षेच्या सूचना मात्र महिन्याची वाट बघत नाहीत. डिसेंबर २०२१ मध्ये लॉग-फोर-जे या जावा लायब्ररीत (इतर सॉफ्टवेअरमध्ये वापरला जाणारा तयार कोड) दहापैकी दहा तीव्रतेची चूक निघाली, तेव्हा अनेक टीमचा पहिला वेळ दुरुस्तीत गेलाच नाही. ही लायब्ररी आपल्याकडे कुठे कुठे आहे, हे शोधण्यात गेला. तुमच्या सॉफ्टवेअरची सुरक्षा-सूचना कोणत्या पत्त्यावर येते आणि टीममधले कोण दोघं ती वाचतात, हे पहिल्याच दिवशी लिहून घ्या.

सर्टिफिकेटचं, म्हणजे साइटची ओळख पटवणाऱ्या डिजिटल दाखल्याचं, थोडक्यात. सर्टिफिकेट फुकट देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टचं नेहमीचं सर्टिफिकेट ९० दिवसांचं असतं आणि नूतनीकरण आपोआप होतं. तरी साइट बंद पडते, कारण नवं सर्टिफिकेट डिस्कवर आलेलं असतं आणि वेब सर्व्हर जुनंच हातात धरून बसलेला असतो. नूतनीकरणानंतर त्याला रीलोड करायची ओळ घालायला लावा. मुदत संपत आल्याची जी ईमेल पूर्वी यायची, ती लेट्स एन्क्रिप्टने जून २०२५ मध्ये बंद केली, तेव्हा तारखेवर लक्ष ठेवणारं काहीतरी स्वतःचं हवं.

दारांबद्दल, म्हणजे बाहेरून सर्व्हरशी जोडायच्या पोर्टबद्दल, एकच, पण नीट लक्षात ठेवण्यासारखं. लिनक्सवर यूएफडब्ल्यू फायरवॉल लावून "सगळे पोर्ट बंद" म्हणून निवांत बसलेल्या टीमला हे माहीत नसतं की डॉकर स्वतःचे नियम थेट लिनक्सच्या मूळ फायरवॉल-नियमांत (आयपीटेबल्स) लिहितो. कंपोज फाइलमध्ये डेटाबेसचा पोर्ट बाहेर काढला असेल तर तो फायरवॉलला वळसा घालून जगाला दिसतो. डेटाबेसचा पोर्ट मुळात बाहेर काढायचाच नाही, आणि अगदी लागलाच तर मशीनच्या अंतर्गत पत्त्याला बांधायचा. २०१७ च्या सुरुवातीला इंटरनेटवर पासवर्डविना उघडे पडलेले हजारो मोंगोडीबी डेटाबेस पुसून खंडणी मागण्यात आली होती. त्यात कोणी मोठी हुशारी लढवली नव्हती. दार उघडं होतं, एवढंच. तुमचं सॉफ्टवेअर फक्त टीमपुरतंच असेल तर ते वायरगार्डसारख्या व्हीपीएनच्या (आपल्या माणसांपुरत्या खाजगी जाळ्याच्या) आत ठेवा. अर्धी काळजी तिथेच मिटते.

दुसऱ्या टीमकडे त्या गेलेल्या माणसाला शोधण्यात वेळ घालवू नका. आहे त्या सर्व्हरवरून डंप, फाइली आणि कळ बाहेर काढून घ्या आणि नव्या मशीनवर नव्याने उभं करा, तुम्ही ठरवलेल्या पद्धतीने. जुन्या मशीनवर काय काय हातचलाखी करून ठेवली असेल ते उकलत बसण्यापेक्षा हे कमी वेळाचं. मग एक पान लिहून घ्या: मशीन कुठे आहे, डोमेन कोणाच्या नावावर आहे, बॅकअप कुठे जातो, कळ कुठे आहे, परत उभं करायच्या पायऱ्या काय. डोमेनची ओळ गाळू नका. ते बऱ्याचदा सोडून गेलेल्याच माणसाच्या खात्यावर निघतं. आणि हे पान त्याच सर्व्हरवरच्या विकीत ठेवू नका. ऑक्टोबर २०२१ मध्ये फेसबुक सुमारे सहा तास बंद होतं, तेव्हा दुरुस्तीला लागणारी त्यांची अंतर्गत साधनंही त्याच जाळ्यावर असल्यामुळे बंद पडली होती. लहान टीममध्ये हाच प्रकार पासवर्डच्या बाबतीत होतो: सर्व्हरचा पासवर्ड डिजिटल तिजोरीत, आणि ती तिजोरी त्याच सर्व्हरवर.

तिसऱ्या टीमला नाही म्हणा. सॉफ्टवेअर फुकट मिळतं म्हणून दोन माणसांनी पाच सेवा चालवायला घेतल्या, तर महिन्यातले कितीतरी तास त्यातच जातील, आणि दोघांपैकी एक आजारी पडला की सगळा भार एकावर. त्यांना विचारा: यातलं कोणतं एक तुमच्याच ताब्यात असलं पाहिजे, आणि का? उत्तर बहुधा कोड किंवा कागदपत्रं असं येईल. तेवढंच नीट चालवा. बाकीचं दुसऱ्या कोणाच्या तरी सेवेवर ठेवा, फक्त सगळा डेटा बाहेर काढता येतो का ते आधी करून बघा. ईमेलचा तर विषयच नको. सर्व्हर उभा करणं कठीण नाही; एसपीएफ, डीकिम, डीमार्क या पडताळणीच्या सगळ्या पद्धती बिनचूक लावूनही नव्या आयपी पत्त्यावरून गेलेली पत्रं स्पॅममध्ये पडतात, आणि का पडली हे समोरची मोठी कंपनी सांगत नाही. हा त्रास हौशीने घ्यावा, धंद्याच्या पत्रव्यवहारासाठी नव्हे.

मदत कुठपर्यंत, याचं उत्तर तुमच्या कंपनीने लेखी द्यायला हवं, आणि ते तुम्ही मागून घ्या. आम्ही कोणत्या मांडणीला मदत करतो, कोणत्या आवृत्तीपर्यंत करतो, रात्रीच्या मदतीचे पैसे पडतात की ती मिळतच नाही, हे एका पानात. पहिली ओळ मी सुचवते: "गेल्या तीन महिन्यांत बॅकअपवरून परत उभं करून पाहिलं असेल तरच अपग्रेडच्या अडचणीत मदत मिळेल." कडक वाटेल. पण अशा टीमला मदत करणं कितीतरी सोपं असतं, कारण काहीही बिघडलं तरी मागे फिरायला जागा असते. याच्या जोडीला तुमच्या मंडळींकडूनही एक काम करून घ्या. डेटाबेस, फाइली, सेटिंग हे सगळं एका आज्ञेत गोळा करणारा बॅकअप, कळ वेगळी जपायची आठवण करून देणारा, आणि तसाच एका आज्ञेत होणारा रिस्टोअर सॉफ्टवेअरमध्येच हवा. तीन निरनिराळ्या टीम एकाच जागी अडखळत असतील तर दोष त्या टीमचा नसतो, तुमच्या सॉफ्टवेअरचा किंवा त्याच्या कागदपत्रांचा असतो. आलेला प्रत्येक फोन कोणत्या पानामुळे आला ते लिहून ठेवा; महिन्याभराची ती यादी बोलून दाखवण्यापेक्षा जास्त काम करेल.

सुरुवात दुसऱ्या टीमपासून करा, आणि याच आठवड्यात. पहिल्या टीमचा डेटाबेस निदान चालू तरी आहे. दुसरीकडे बॅकअप आहे की नाही हे सांगू शकेल असा माणूसच उरलेला नाही, तेव्हा आधी तिथला डंप त्यांच्या हातांनी बाहेर काढून घ्या, मग तुमची किल्ली काढायची तारीख त्यांना कळवा.